सुभेदारांची दुसरी नोकरी

मसूर स्टेशनवरची हकीकत मराठी वाचकाला ठाऊक आहे. साल १९०१. साताऱ्याहून नवे कपडे घालून निघालेली मुले मसूरला उतरतात. वडिलांनी पाठवलेला माणूस आलेला नसतो. स्टेशनमास्तर आधी मायेने चौकशी करतो आणि जात कळताच मागे सरतो. गाडीवाला दुप्पट भाड्यावर कबूल होतो, पण बैल मुलांनीच हाकायचे, तो बरोबर चालणार. रात्री नाक्यावर पाणी मागितले तर तेही मिळत नाही. त्यांतला एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. ही हकीकत आपण मुलांच्या बाजूने वाचतो आणि ते योग्यच आहे. पण एकदा वडिलांकडेही पाहायला हवे. ही मुले ज्यांना भेटायला निघाली होती, ते रामजी मालोजी सकपाळ तिथे काय करत होते?

ते खटाव तालुक्यातल्या गोरेगावी खजिनदार होते. दुष्काळ पडला होता, माणसे हजारोंनी मरत होती आणि सरकारने तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या कामावरची रोकड रामजींच्या हवाली होती. त्याआधी त्यांनी बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली होती आणि त्याही आधी ते पलटणीत सुभेदार होते. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून शिक्षकी शिकून ते लष्करातल्या शाळेत मुख्याध्यापक झाले आणि चौदा वर्षे त्यांनी ते काम केले. भीमरावांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला तो यामुळेच. १८९४ च्या सुमारास पेन्शन घेऊन रामजी बाहेर पडले तेव्हा घरात लहान मुले होती आणि नुसत्या पेन्शनवर संसार भागण्यासारखा नव्हता. हिशेब येणारा, इंग्रजी जाणणारा, शिस्तीचा, सरकारी पैशाला जपणारा असा हा माणूस होता. त्याला दुसरी नोकरी मिळाली. त्याच्यासारख्या बहुतेकांना ती मिळत नव्हती आणि हाच या लेखाचा विषय आहे.

ही गोष्ट दापोलीपासून सांगावी लागते. कोकणातल्या या गावाला आजही जुनी माणसे ‘कॅम्प’ म्हणतात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इथे छावणी टाकली आणि नियमित फौज हलवल्यावरही निवृत्तीला आलेल्या शिपायांची व्हेटरन बटालियन काही वर्षे इथेच राहिली. पलटण गेली तरी पेन्शनर इथेच राहिले. कोकणातल्या महार समाजातले कितीतरी तरुण मुंबईच्या फौजेत भरती होत. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी जी नावे कोरलेली आहेत ती त्याच फौजेतल्या शिपायांची. नोकरी संपवून परतताना या माणसांजवळ गावाने कधी न दिलेली एक गोष्ट असे. ती म्हणजे अक्षरओळख. कंपनीच्या फौजेत शिपायांच्या मुलांना शाळेत घालणे सक्तीचे होते आणि त्यात मुलीही आल्या. त्यामुळे दापोलीच्या पेन्शनरांच्या घरांत बायकाही वाचणाऱ्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात असे दृश्य फार थोड्या ठिकाणी दिसले असते.

मात्र हा हवालदार किंवा जमादार आपल्या मूळ गावी परतला की गावाच्या लेखी त्याची एकच जागा होती. ती येसकराची. वर्दी घडी करून पेटीत ठेवायची आणि पाटलाच्या चावडीवर हाकेला ओ द्यायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोहोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, बलुते मागायला खळ्यावर उभे राहायचे. पलटणीत ज्याने पंचवीस-तीस माणसांवर हुकूम चालवला, हजेरी मांडली, दारूगोळ्याचा हिशेब ठेवला, त्याच्या त्या अनुभवाचा गावात काडीचा उपयोग नव्हता. म्हणून अनेक जण गावी परतलेच नाहीत. दापोली, पुणे, सातारा, मुंबई अशा ठिकाणी, छावणीच्या आसऱ्याने, ते वस्ती करून राहिले. साहेबाकडे बटलर, बांधकामावर मुकादम, शाळेत शिक्षक, कुठे शिपाई, अशी मिळेल ती कामे त्यांनी केली.

गोपाळबाबा वलंगकर याच वस्तीतले. मूळचे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली पलटणीतून निवृत्त होऊन ते दापोलीला राहिले आणि लिहू लागले. ‘विटाळ विध्वंसन’ ही त्यांची पुस्तिका १८८८ ची. ‘दीनबंधू’त आणि ‘सुधारका’त त्यांचे लेखन येत असे. अस्पृश्यांनी अस्पृश्यांसाठी उभारलेल्या संघटित चळवळीचा पहिला पाया या पेन्शनरने घातला असे मी मानतो आणि त्याचे पेन्शनर असणे हा त्यातला योगायोग नाही. सरकारशी अर्जाच्या भाषेत कसे बोलायचे, हुकूम कुठून निघतो आणि दाद कुठे मागायची, हे पलटणीने त्यांना शिकवले होते.

आणि दाद मागण्याची वेळ लवकरच आली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानच्या फौजेचा सरसेनापती होता. काही जातीच जन्मतः लढवय्या असतात आणि बाकीच्यांवर पैसा घालवण्यात अर्थ नाही, अशी त्याची समजूत होती. तिला पुढे ‘लढवय्या जातींचा सिद्धांत’ असे भारदस्त नाव मिळाले. त्या धोरणाने १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांनी इंग्रजांसाठी किल्ले घेतले होते, त्यांच्या मुलांना ‘तुम्ही शिपाई होण्याच्या लायकीचे नाही’ असे सांगण्यात आले.

हा आघात दुहेरी होता, हे नीट समजून घ्यायला हवे. भरती थांबली म्हणजे तरुणांची नोकरी गेली, हे उघड आहे. त्याबरोबर वीस-पंचवीस वर्षांनी निवृत्त होऊन येणाऱ्या पेन्शनरांची पुढची पिढीही आटली. शाळा काढणारे, अर्ज लिहिणारे, हातात थोडा रोख पैसा असलेले लोक त्याच पिढीतून यायचे होते. वलंगकरांनी १८९४ साली ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ या संस्थेच्या नावाने लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक विस्तृत अर्ज तयार केला. त्यात त्यांनी आपल्या लोकांच्या चाकरीचा इतिहास मांडला आणि भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. रामजी सुभेदारांनीही या बंदीविरुद्धचा अर्ज लिहिण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली, असे चरित्रकार सांगतात. हुकूम बदलला नाही. १८९५ मध्ये वलंगकरांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यावरूनच खळखळ झाली. सरकारने त्यांना बोर्डावर नेमले, पण सवर्ण सभासदांच्या नजरेत ते येसकरच राहिले.

पुढचे अर्ज पुण्याहून गेले. शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला एक्कावन्न गावच्या महारांची सभा भरवली आणि १५८८ सह्यांचा अर्ज सरकारला धाडला. सरकारने तो फेटाळला. १९१० मध्ये त्यांनी थेट लंडनला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे दुसरा अर्ज केला. या अर्जांतल्या मागण्या वाचताना आजही नवल वाटते. फौजेत घ्या, ही मागणी आहेच. पण तिच्या बरोबरीने पोलिसात घ्या, सरकारी खात्यांतल्या खालच्या जागांवर घ्या, हेही आहे. म्हणजे वर्दीची नोकरी आणि कचेरीची नोकरी हे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत, हे या लोकांनी ओळखले होते. लष्कराने माणूस शिकवायचा आणि मुलकी खात्यांनी त्याला दारात उभे करायचे नाही, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. माजी सैनिकांना मुलकी नोकरी द्यावी ही मागणी आज सगळ्यांना स्वाभाविक वाटते. महाराष्ट्रात ती हक्क म्हणून लिहून मांडणाऱ्यांत हे लोक अगदी आघाडीवर होते आणि याचे श्रेय त्यांना क्वचितच दिले जाते.

मग पहिले महायुद्ध आले. माणसे कमी पडू लागल्यावर लढवय्या जातींचा सिद्धांत बासनात गेला आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले तशी ती १९२१ पर्यंत मोडलीसुद्धा. भरती झालेले तरुण चार वर्षांत परत घरी आले, पण दीर्घ चाकरीनंतर मिळणारे पेन्शन मात्र त्यांना मिळणार नव्हते.

याच १९१७ साली मुंबईत, गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने, जखमी हिंदी शिपायांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले. मेसोपोटेमियातून हातपाय गमावून आलेल्या माणसाला तिथे शिवणकाम, सुतारकाम, विणकाम, मोटारीचे काम शिकवत. ही शाळा पुढे खडकीला आली आणि आजही तिथे चालू आहे. पुण्यात राहणाऱ्यांनी तिच्या फाटकावरून जाताना एवढे तरी आठवावे की शिपायाला बक्षीस नको, काम हवे, हे तत्त्व या देशात इतक्या लवकर एका संस्थेच्या रूपाने उभे राहिले होते. पण ती सोय अपंग झालेल्यांपुरती होती. धडधाकट परत आलेल्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पंजाबात निवडक शिपायांना कालव्याकाठच्या जमिनी मिळाल्या. कोकणात आणि माणदेशात कालवे नव्हते, वाटायला जमिनीही नव्हत्या. तिथला शिपाई मुंबईला जाऊन गिरणीत लागला.

गिरणीतही त्याची जात त्याच्या पाठोपाठ आली. सर्वांत जास्त मजुरी साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, होती. तिथे धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. या कारणावरून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर आग्रहाने ठेवला, कारण संपाच्या मागण्यांत त्याचा पत्ताच नव्हता. पलटणीत मशीनगन खोलून पुन्हा जोडणारा माणूस कमी मजुरीच्या खात्यात अडकून राहायचा आणि याला मालकाइतकेच त्याचे सोबतीही जबाबदार होते. कामाच्या जागी माणूस रुजतो की नाही हे नेमणुकीच्या कागदाइतकेच शेजारच्या साच्यावरच्या माणसावर ठरते. हे तेव्हाच्या कामगार चळवळीला मनापासून उमगले होते असे मला वाटत नाही.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकर अध्यक्ष म्हणून उभे राहिले तेव्हा त्यांनी दापोलीच्या पेन्शनरांची आठवण काढली. कोकणातला हा समाज एके काळी पुढे होता तो लष्करी नोकरीमुळे आणि भरती बंद झाल्याने तो मागे पडला, असा त्यांचा रोख होता. श्रोत्यांत निवृत्त शिपायांचीही उपस्थिती होती. वलंगकरांचे रावढळ तिथून हाकेच्या अंतरावर. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण पाण्याचा लढा म्हणून ओळखतो. पण त्याच परिषदेत सरकारी नोकऱ्यांत शिरण्याचा मार्गही तितक्याच निकडीने सांगितला गेला, हे सहसा कोणी सांगत नाही.

पुढच्या महायुद्धाने इतिहास पुन्हा त्याच जागी आणला, पण या वेळी टेबलाच्या पलीकडे कोण बसले होते, त्यात मोठा फरक होता. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि लवकरच कामठीला तिची दुसरी बटालियन निघाली. टोपीवरच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. या खात्यात कामगारांच्या प्रश्नांबरोबर सरकारी बांधकामेही येत. ज्या बांधकाम खात्यात सुभेदार रामजी स्टोअरकीपर होते, तशाच खात्याचा कारभार आता दिल्लीत त्यांच्या मुलाच्या सहीने चालणार होता. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला तो याच काळात.

युद्धाने हिंदी फौज सुमारे पंचवीस लाखांवर नेली होती. एवढी मोठी स्वयंसेवक फौज जगाने पाहिली नव्हती. या लाखो तरुणांत हजारो मोटारचालक, फिटर, वायरलेसवाले, कारकून, दवाखान्यातले मदतनीस, आचारी घडले. वाडीवस्तीवरचा जो मुलगा १९४० मध्ये बैलगाडी हाकत होता, तो १९४५ मध्ये ट्रकचे इंजिन उतरवत होता. त्याला लिहायवाचायला शिकवले होते तेही रोमन लिपीतल्या उर्दूत, कारण फौजेची ती सर्वसाधारण भाषा होती. म्हणजे हा तरुण साताऱ्याच्या मामलेदार कचेरीत गेला की तिथल्या कारकुनाच्या हिशेबी निरक्षर ठरण्याचा धोका होता. १९४५ मध्ये युद्ध संपत आले तेव्हा सरकारपुढे प्रश्न होता की एवढी माणसे घरी पाठवायची कशी आणि घरी गेल्यावर ती करतील काय.

त्याचे उत्तर म्हणून जुलै १९४५ मध्ये मजूर खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय स्थापन झाले आणि देशभर एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडू लागली. ही कल्पना एकट्या आंबेडकरांची नव्हे. ब्रिटनमध्ये १९०९ च्या कायद्याने लेबर एक्स्चेंज सुरू झालीच होती आणि युद्धकाळात कारखान्यांसाठी कुशल कामगार शोधताना तिचा छोटा प्रयोग इथेही झाला होता. पण खाते त्यांचे होते. कुशल कामगार घडवण्याची सरकारी प्रशिक्षण योजना आणि निवडक तरुणांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवणारी ‘बेव्हिन’ योजनाही त्यांच्याच खात्यात होती. वलंगकरांनी दापोलीत अर्ज लिहिला त्याला तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

एक्स्चेंजची रीत साधी होती. येणाऱ्याचे नाव, वय, शिक्षण, त्याला येणारे काम, किती वर्षांचा अनुभव, एवढे एका कार्डावर उतरवायचे आणि कार्डे कामाच्या प्रकारानुसार लावून ठेवायची. मालकाने मागणी कळवली की त्या प्रकारातली कार्डे काढून माणसे पाठवायची. हे वाचताना फार रुक्ष वाटते, पण मला त्यात मोठी गोष्ट दिसते. तोवर नोकरी मिळे ती मुकादमाच्या, गाववाल्याच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या शब्दावर. गिरणीत जॉबरच्या, म्हणजे मजूर भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवाचून पान हलत नसे आणि जॉबर आपल्या गावची, आपल्या जातीची माणसे भरी. ज्याचा कोणीच जॉबर नव्हता, त्याला आपले कसब कुठे लिहून ठेवता येईल अशी जागा नव्हती. आता निदान एक सरकारी कार्ड त्याच्यासाठी बोलणार होते. पुण्यात १९४४ मध्ये कृत्रिम अवयव केंद्रही सुरू झाले होते. त्यामुळे पाय गमावलेला शिपाई पुण्यातच चालायला आणि कमवायला शिकू शकत होता.

कार्ड भरले तरी काम हाती येईलच असे नव्हते. मालकावर सक्ती काहीच नव्हती. युद्धकाळातले कारखाने आवरते घेतले जात होते आणि फौजेतून सुटलेल्यांबरोबर दारूगोळ्याच्या कारखान्यातले कामगारही त्याच रांगेत उभे राहिले. भीती किती खोल होती ते फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत दिसले. ‘तलवार’ या नाविक तळावरून सुरू झालेले बंड आपण स्वातंत्र्यलढ्याचा शेवटचा धडाका म्हणून आठवतो. आझाद हिंद फौजेच्या बंदिवानांची सुटका, चांगले अन्न आणि गोऱ्या खलाशांच्या बरोबरीने वागणूक या त्यांच्या मागण्या प्रसिद्धच आहेत. त्याच यादीत लवकर सेवामुक्त करा आणि शांततेच्या काळातली नोकरी मिळवून द्या, हीही मागणी होती. वीस-बावीस वर्षांच्या या पोरांना तिरंगा जितका हवा होता, तितकीच उद्याच्या भाकरीची खात्रीही हवी होती. त्यांच्या पाठिंब्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरले आणि दोनशेहून अधिक माणसे गोळ्यांना बळी पडली. बंड शमल्यावर अनेक खलाशांना नोकरीवरून काढले आणि ते हात हलवत घरी गेले.

मग फाळणी आली. लष्कर चार-पाच लाखांवर आले होते, म्हणजे दोन वर्षांत वीस लाखांच्या आसपास माणसे वर्दीतून बाहेर पडली होती. त्यांच्यासाठी उभारलेल्या एक्स्चेंजच्या दारात आता लाखो निर्वासित आले आणि त्यांना आत घेणे भागच होते. १९४८ च्या सुरुवातीला ही केंद्रे सर्वांसाठी खुली झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची पुनर्रचना झाली त्याच दिवशी, त्यांचा कारभार राज्यांकडे गेला. रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक करणारा कायदा १९५९ चा. पंचवीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही तो लागू झाला, पण माणूस घ्यायचाच असे त्यात म्हटलेले नव्हते. पुढच्या दोन पिढ्यांनी दहावीचा निकाल लागताच ‘एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घातलं का?’ हा प्रश्न ऐकला, ‘कॉल’ची वाट पाहिली, कार्डाचे नूतनीकरण करायला रांगा लावल्या. ज्या खिडकीपुढे आपण उभे आहोत ती मुळात ब्रह्मदेशातून आणि इटलीतून परतलेल्या शिपायासाठी उघडली होती, याची आठवण त्या रांगांमधल्या फार थोड्यांना राहिली असेल.

माजी सैनिकासाठी नंतर वेगळ्या सोयी झाल्या. संरक्षण मंत्रालयाखाली पुनर्वसन महासंचालनालय आहे. जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालये आहेत. १९७९ च्या नियमांनी केंद्राच्या ‘क’ वर्गातल्या दहा टक्के आणि ‘ड’ वर्गातल्या वीस टक्के जागा राखून ठेवल्या आणि महाराष्ट्र शासनाच्या भरतीत पंधरा टक्के आहेत. तरीही गावोगावी जे दिसते ते नजरेआड करता येत नाही. सिग्नलमध्ये पंधरा वर्षे काढलेला हवालदार चाळिशीच्या आत बाहेर पडतो आणि त्याला सर्वांत सहज मिळते ते काम सोसायटीच्या किंवा बँकेच्या दारावर पहारा देण्याचे. तो काय शिकला, त्याने काय सांभाळले, कोणत्या यंत्रावर हात चालवला, हे नोकरी देणाऱ्याला वाचता येत नाही. १९४५ च्या कार्डाने हेच करायचे ठरवले होते आणि ते काम अजून अर्धेच झाले आहे.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर लष्करात राहतील आणि बाकीचे एकरकमी सेवानिधी घेऊन, पेन्शनशिवाय, बाहेर पडतील. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतील. १११ व्या पलटणीतले तरुण १९२१ मध्ये जेवढ्या काळाच्या चाकरीनंतर परतले, जवळपास तेवढ्याच काळानंतर ही मुले परततील. त्यांना कामावर कोण घेणार, कोणत्या पदावर घेणार आणि त्यांचे कसब कोणत्या कागदावर लिहिले जाणार, हे नोकरी देणाऱ्यांनी ती परतण्याआधी ठरवायला हवे.